पानाची शीर, देहाची शीर

गोंदिया जिल्ह्याचा संसार दोन पानांवर चालतो, असे म्हटले तर ते फारसे चूक ठरणार नाही. एक पान धानाचे. वैनगंगा, बाघ, चुलबंद आणि गाढवी या नद्यांच्या खोऱ्यांत आणि मामा म्हणजे माजी मालगुजारी तलावांच्या खालच्या बांध्यांत पावसाळाभर हेच पान हिरवे असते. दुसरे पान तेंदूचे. देवरी, सालेकसा, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांच्या जंगलात एप्रिल-मेच्या उन्हात ते तोडले जाते आणि बिडीच्या कारखान्यात पोचते. शाळेतल्या वनस्पतिशास्त्राला तर ही दोन पाने मुद्दाम निवडल्यासारखी आहेत. धानाच्या पानात शिरा एकमेकींना समांतर धावतात, तेंदूच्या पानात त्यांचे जाळे असते. म्हणून एकाचा शिराविन्यास समांतर आणि दुसऱ्याचा जाळीदार, एक एकदल आणि दुसरे द्विदल. एवढे पाठ केले की विषय संपतो. ‘शीर’ या शब्दाने पानात नेमके काय सांगितले जाते, हा प्रश्न मात्र तसाच राहतो. आपल्या मनगटावर जी निळसर रेघ दिसते तिलाही आपण शीर म्हणतो आणि पानाच्या पाठीवर उठून दिसणाऱ्या रेघेलाही शीर म्हणतो. शब्द एकच, म्हणून काम एकच असेल असे आपण न कळत धरून चालतो. या प्रकरणात मांडायचे आहे ते असे: देहाची शीर आणि पानाची शीर यांच्यातले साम्य खरे आहे, पण ते आपण समजतो तिथे नाही, आणि ते नेमके कुठे आहे याचा सर्वांत चांगला पुरावा गोंदियाच्या धानाच्या बांधीत मिळतो.

आधी शब्दाचा व्यवहार पाहू. मराठीत शीर हा शब्द काही केवळ रक्तवाहिनीसाठी राखून ठेवलेला नाही. मान अवघडली की शीर आखडली म्हणतो, पायात गोळा आला की शिरेवर शीर चढली म्हणतो, रागाने कपाळाची शीर उठते. यातली पहिली दोन उदाहरणे स्नायूंची किंवा मज्जातंतूंची आहेत, तिसरे रक्तवाहिनीचे. म्हणजे कातडीखाली दोरीसारखे जे जे जाणवते ते सगळे लोकभाषेत शीर असते. शास्त्रीय पुस्तकांनी यातला एक अर्थ उचलला आणि पक्का केला: हृदयाकडून रक्त नेते ती धमनी किंवा रोहिणी, हृदयाकडे परत आणते ती शिरा किंवा नीला. पाश्चात्त्य वनस्पतिशास्त्राची गतही वेगळी नव्हती. लॅटिन ग्रंथांत पानाच्या याच रेघांना कुठे ‘व्हेना’ म्हणजे रक्तवाहिनी, कुठे ‘नर्व्हस’ म्हणजे स्नायुबंध किंवा मज्जातंतू, तर कुठे ‘कॉस्टा’ म्हणजे बरगडी म्हटले आहे. लिनियसने ‘नर्व्हस’ वापरला, म्हणून आजही ज्या पानात तळापासून तीन मुख्य शिरा निघतात, जसे आपल्या बोराच्या पानात निघतात, त्याला वर्णनाच्या भाषेत तीन मज्जातंतूंचे पान म्हणतात. शेवाळांच्या वर्गातल्या मॉसच्या इवल्या पानाच्या मधल्या रेघेला बरगडी म्हणतात. एका अवयवाला देहाचे तीन वेगवेगळे भाग नाव म्हणून दिले गेले, याचा अर्थ नाव देणाऱ्यांनी कार्य पाहिलेच नव्हते. त्यांनी रूप पाहिले होते, आणि रूपापुरते तिन्ही शब्द चालण्यासारखे होते.

ही नावांची देवघेव फार जुनी आहे आणि ती दोन्ही दिशांनी झाली आहे, हे सहसा सांगितले जात नाही. ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस याने इसवी सनापूर्वी 300 च्या सुमारास वनस्पतींवर ग्रंथ लिहिला. त्यात झाडाच्या अंतर्भागांसाठी त्याने रस, तंतू, शीर आणि मांस असे शब्द वापरले. झाडांच्या या भागांना स्वतःची नावे नाहीत, म्हणून प्राण्यांच्या अवयवांवरून ती घ्यावी लागतात, याची त्याला पूर्ण जाणीव होती. तिथे प्रवास देहाकडून झाडाकडे झाला. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत तो उलटा झाला. शारीरस्थानाच्या सातव्या अध्यायात देहातल्या सिरांची संख्या सातशे सांगितली आहे आणि त्या कशा पसरतात हे समजावण्यासाठी झाडाच्या पानातल्या रेघांच्या विस्ताराचा दाखला दिला आहे. पान परिचयाचे होते, देहाचा आतला भाग अपरिचित होता. म्हणून पानावरून देह समजावला. त्याच ठिकाणी आणखी एक दृष्टान्त आहे, आणि गोंदियाच्या वाचकाने त्यावर थांबावे असा तो आहे. बागेला जशा पाण्याच्या सारण्या आणि केदाराला जसे पाट, तशा या सिरा देहाला ओलावा देतात, असे तिथे म्हटले आहे. केदार म्हणजे बांध घालून पाणी धरलेले शेत. आपल्या बोलीत सांगायचे तर धानाची बांधी. ज्या भागात कोहळी समाजाने नवेगाव बांधसारखे तलाव उभारले आणि तलावातून पाटाने, आणि मग एका बांधीतून दुसऱ्या बांधीत, पाणी फिरवण्याची रीत बसवली, तिथे हा दृष्टान्त वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

या दृष्टान्तात एक गोष्ट नाही, आणि तिचे नसणेच महत्त्वाचे आहे. पाटाचे पाणी तलावात परत येत नाही. ते बांधीत मुरते, पिकाच्या मुळांत शिरते, उन्हाने उडून जाते. सुश्रुताच्या सिरांनाही परतीचा प्रवास नाही. त्या नाभीपासून निघतात आणि वर, खाली, आडव्या पसरतात. शिवाय त्या केवळ रक्ताच्या नाहीत. सातशेंची वाटणी वात, पित्त, कफ आणि रक्त यांत प्रत्येकी एकशे पंचाहत्तर अशी केली आहे. म्हणजे मूळ कल्पनेत सिरा ही ‘काहीतरी वाहून नेऊन सर्वदूर पोचवणारी वाट’ आहे. काय वाहते ते वेगवेगळे असू शकते, आणि ते परत आलेच पाहिजे अशी अट नाही. नाभी हे मूळ मानणे किंवा सातशेचा आकडा शरीररचनाशास्त्राच्या आजच्या कसोटीवर टिकत नाही, हे खरे. पण शब्दाचा अर्थ शोधताना आकड्यापेक्षा कल्पना महत्त्वाची, आणि ही कल्पना वाटपाची आहे.

शिरेच्या अर्थाला परतीचा प्रवास जोडला गेला तो 1628 मध्ये. त्या वर्षी विल्यम हार्वेने रक्ताभिसरणावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि रक्त हृदयातून निघून पुन्हा हृदयात येते हे दाखवून दिले. धमनी आणि शीर यांना जोडणाऱ्या सूक्ष्म केशवाहिन्या त्याला दिसल्या नव्हत्या. त्या 1661 मध्ये इटलीच्या मार्चेलो माल्पिगीने बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. पुढे हाच माल्पिगी वनस्पतींकडे वळला. त्याच्या वनस्पतिरचनेवरील ग्रंथाचे दोन भाग 1675 आणि 1679 मध्ये निघाले. इंग्लंडमध्ये नेहेमाया ग्रू याच काळात तेच काम करत होता. त्याचा मोठा ग्रंथ 1682 चा. देह पाहून तयार झालेली नजर घेऊन हे लोक झाडाकडे आले होते, आणि त्या नजरेने त्यांना जेवढे दाखवले तेवढेच चकवलेही. झाडातल्या मळसूत्री नळ्या माल्पिगीला कीटकांच्या श्वासनळ्यांसारख्या दिसल्या. त्यातून हवा जाते असे मानून त्याने त्यांना श्वासनळीचे नाव दिले. त्या नळ्यांतून पाणी जाते हे आज सर्वमान्य आहे, तरी त्यांच्या एका प्रकाराचे शास्त्रीय नाव ‘ट्रॅकीड’ हे अजून त्या श्वासनळीच्या नावावरूनच चालत आले आहे. हार्वेच्या यशानंतर झाडातही रस फिरून परत येत असणार, असा कयास अनेकांनी बांधला. स्टीफन हेल्स या इंग्रज पाद्र्याने 1727 च्या आपल्या ग्रंथात मोजमापे करून त्याला उत्तर दिले: मुळांनी घेतलेले पाणी पानांवाटे हवेत जाते, ते फिरत नाही. मुळांनी शोषलेल्या पाण्यापैकी पंचाण्णव टक्क्यांहून अधिक असे उडून जाते, हे आता शाळेतही शिकवतात. पण शीर म्हटल्यावर अभिसरण आठवण्याची सवय मात्र गेली नाही.

मग पानाच्या शिरेत आहे काय? धानाच्या किंवा तेंदूच्या पानाचा आडवा पातळ काप घेतला तर प्रत्येक शिरेत दोन वेगळ्या व्यवस्था एकमेकींना चिकटून असलेल्या दिसतात. वरच्या अंगाला जलवाहिन्या, खालच्या अंगाला रसवाहिन्या. या दोन ऊतींची ‘झायलेम’ आणि ‘फ्लोएम’ ही नावे कार्ल नेगेली याने 1858 मध्ये दिली. जलवाहिनी ही पूर्ण वाढल्यावर मेलेली असते. तिच्यातला जिवंत भाग नाहीसा होतो आणि लिग्निनने कडक झालेली पोकळ नळी उरते. तिच्यातून पाणी आणि क्षार मुळांकडून पानाकडे येतात. दिवसा हे पाणी कोणी ढकलत नाही. पानातून बाष्प निघून जाते आणि त्या ओढीने पाण्याची अखंड तार वर खेचली जाते. हेन्री डिक्सन आणि जॉन जोली यांनी डब्लिनमध्ये 1894 मध्ये मांडलेली ही उपपत्ती आज मान्य आहे. रसवाहिनीचे सगळेच उलट. ती जिवंत असते, तिच्या पेशींनी केंद्रक गमावलेले असते आणि शेजारच्या सहपेशींच्या आधारावर त्या जगतात. तिच्यातला गोड रस दाबाखाली असतो आणि जिथे साखर तयार होते तिथून जिथे ती खर्च होते किंवा साठते तिकडे जातो. कोवळ्या पानात तो आत येतो; पान वाढले, स्वतः अन्न करू लागले, की त्याच शिरेतून तो बाहेर जाऊ लागतो. देहाच्या शिरेत असे कधी होत नाही. मनगटावरची शीर कापली तर रक्त बाहेर येते. जलवाहिनी कापली तर आतले पाणी मागे हटते आणि हवा आत शिरते. म्हणूनच फुलांचे देठ पाण्याखाली धरून कापावेत असे सांगतात. एका नावाखाली अशा दोन उलट व्यवस्था नांदत आहेत, आणि देहाच्या शिरेशी त्यांतली एकही तंतोतंत जुळत नाही.

हे सूक्ष्मदर्शकाचे ज्ञान झाले. शेतात त्याचा काय पुरावा? पहिला पुरावा पहाटेचा आहे. रोवणीनंतर जीव धरलेल्या धानाच्या पानांच्या टोकांवर सकाळी पाण्याचे थेंब दिसतात. त्यांना सगळे दव म्हणतात, पण दव पानभर सारखे पसरते आणि हे थेंब टोकाला व कडेलाच असतात. रात्री पानातून बाष्प जाणे थांबते, मुळे मात्र पाणी घेतच राहतात, आणि मुळांच्या दाबाने जादा पाणी शिरांच्या शेवटी असलेल्या जलछिद्रांतून बाहेर येते. शिरेचा एक मार्ग कुठे संपतो ते त्या थेंबाने दाखवून दिलेले असते. हीच छिद्रे एका रोगजंतूचे दार आहेत. धानावरचा कडा करपा ज्या जिवाणूमुळे होतो तो, झँथोमोनास ओरायझी, या छिद्रांतून किंवा पानाच्या जखमेतून आत जातो आणि थेट जलवाहिन्यांत वाढतो. म्हणून रोग पानाच्या टोकापासून आणि कडेने सुरू होतो, नागमोडी काठाचा पिवळा पट्टा खाली उतरतो आणि मग पान पांढरे पडून वाळते. ओळख पटवण्याची रीतही शिरेवरच आधारलेली आहे. रोगट आणि हिरव्या भागाच्या सीमेवरून पानाचा तुकडा कापून काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात धरला, की थोड्या वेळात कापलेल्या टोकातून दुधट धागा पाण्यात उतरू लागतो. जलवाहिन्यांत कोंडलेल्या असंख्य जिवाणूंचा तो प्रवाह असतो. याच जिवाणूचा एक सख्खा भाऊ आहे. जात तीच, प्रकार वेगळा. तो पर्णरंध्रांतून शिरतो आणि शिरांच्या मधल्या मऊ ऊतीत राहतो. त्याचा रोग पानावर दोन शिरांच्या मध्ये अडकलेल्या अरुंद, पारदर्शक रेघांच्या रूपात दिसतो. दोन जिवाणूंत फरक थोडा, पण एक शिरेच्या आत राहतो आणि दुसऱ्याला शीर हीच भिंत ठरते. रोगाची सगळी चर्या तेवढ्यावरून बदलते.

दुसरा मार्ग दाखवणारा साक्षीदार शेतकऱ्याला याहून जास्त परिचयाचा आणि जास्त नकोसा आहे. दिवाळीच्या तोंडाशी, लोंबी भरत असताना, बांधीत गोल गोल ठिगळे पडल्यासारखे धान जळून जाते ते तपकिरी तुडतुड्यामुळे. हा कीटक पानाच्या शेंड्यावर बसत नाही. पाण्याच्या जरा वर, बुंध्याशी, पर्णकोषावर थव्याने बसतो आणि आपली सुईसारखी सोंड मुख्यतः रसवाहिनीत खुपसतो. तिथला रस साखरेने दाट असतो आणि त्यात त्याला लागणारे नत्र कमी असते, म्हणून तो खूप रस घेतो आणि जादा साखर चिकट द्रवाच्या रूपात टाकतो. त्या चिकट्यावर मग काळी बुरशी चढते. कीटकाची ही अचूकता संशोधकांनी उपयोगात आणली. जपानमध्ये 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला तुडतुडा धानावर रस पीत असतानाच त्याची सोंड लेसरने कापली आणि मागे राहिलेल्या सोंडेच्या तुकड्यातून झिरपणारा रस गोळा केला. त्यातली साखर सुक्रोज होती; पानात तयार होऊन दाण्याकडे निघालेली साखर. म्हणजे लोंबीत भरायचा तांदूळ वाटेतच चोरला जात होता. सोंडेत रस आपोआप चढत राहतो यावरून रसवाहिनीत बाहेर ढकलणारा दाब असतो हेही सिद्ध झाले. याच भागातल्या पळसावरचा लाखेचा किडाही रसवाहिनीतूनच जगतो. माणसाने त्याची चोरी उपयोगाची करून घेतली, एवढाच फरक. खोडकिडा मात्र दोन्ही मार्गांना सारखाच मारक आहे. त्याची अळी खोड आतून पोखरते. पीक लहान असेल तर मधला पोंगा वाळतो, आणि निसवल्यावर हल्ला झाला तर लोंबी पांढरी, पोचट उभी राहते. पाणी वर येत नाही, साखरही पोचत नाही.

तेंदूच्या पानाने या हिशेबात तिसरी बाजू जोडली आहे. बिडीसाठी अनेक झाडांची पाने वापरून पाहिली गेली. टिकले ते तेंदूचे, आणि त्याच्या निवडीच्या कारणांत पानाचा लवचीकपणा आणि शिरांचे बारीकपण ही दोन ठळक आहेत. पान ओलवून, पत्र्याच्या साच्याने मापात कापताना जाड शिरा टाळतात किंवा खरवडून काढतात, कारण वळताना पान तिथेच तडकते. तडकण्याचे कारण पाणी नव्हे, साखर नव्हे. ते लिग्निन आहे. जलवाहिन्यांची कडक भिंत आणि शिरेभोवतीचे तंतू मिळून पानाचा सांगाडा होतात. पान सपाट, उन्हाकडे पसरलेले राहते ते याच सांगाड्यावर. ओल्या जागी पडून कुजलेल्या पिंपळपानाची जाळी शिल्लक राहते तीही यामुळेच. मऊ भाग जिवाणू-बुरशी खाऊन टाकतात, लिग्निन सहजी पचत नाही. जंगलात फेब्रुवारी-मार्चमध्ये तेंदूची झुडपे छाटतात ती नवी, मऊ पाने मिळावीत म्हणून. जून झालेले पान कडक होते आणि बिडीच्या कामाचे राहत नाही. देहात वाहून नेण्याचे काम रक्तवाहिनीकडे आहे आणि उभे राहण्याचे हाडांकडे. पानात ही दोन्ही कामे शिरेकडे आहेत. ज्या जुन्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिला बरगडी म्हटले, ते या एका बाबतीत रक्तवाहिनी म्हणणाऱ्यांपेक्षा जवळ होते.

यावर एक भक्कम आक्षेप घेता येतो. रक्तवाहिन्या आणि पानाच्या शिरा यांच्यात वरवरच्या रूपापलीकडचे, गणिती साम्य आहे. सेसिल मरे याने 1926 मध्ये रक्तवाहिन्या फाटे फुटताना कोणत्या प्रमाणात बारीक होतात याचा नियम मांडला: कमीत कमी खर्चात जास्तीत जास्त प्रवाह कसा पोचेल, यावर तो आधारलेला आहे. 2003 मध्ये मॅक्युलो, स्पेरी आणि ॲडलर यांनी दाखवले की जिथे जलवाहिन्यांवर झाडाचा भार पेलण्याची जबाबदारी नसते, पानात उदाहरणार्थ, तिथे त्याही हा नियम बऱ्याच अंशी पाळतात. केशवाहिनीपासून देहातली पेशी जशी फार दूर नसते, तशी पानातली कोणतीही पेशी बारीक शिरेपासून फार दूर नसते. जाळीदार पानात शिरांचे बंद फेरे असतात, त्यामुळे एखादी शीर अळीने तोडली तरी पलीकडून पाणी मिळते. 2010 मध्ये संशोधकांनी अशा फेऱ्यांचा फायदा गणिताने मांडूनही दाखवला. मग नाव बरोबरच नाही का? माझे उत्तर असे की हा आक्षेप माझ्याच म्हणण्याला बळ देतो. या पुराव्यातले सगळे साम्य वाटपाचे आहे: कमी खर्चात, सगळीकडे, खंड न पडता पोचवणे. अभिसरणाचे त्यात काही नाही. मरेचा नियम द्रव परत येतो की उडून जातो हे विचारत नाही. म्हणजे सुश्रुताच्या पाटाच्या दृष्टान्तात जी कल्पना होती तिच्यापुरता हा शब्द पानाला चपखल बसतो, आणि हार्वेनंतर त्याला चिकटलेल्या अर्थाला पानात जागा नाही.

दुसरा आक्षेप आपल्याच मातीतला आहे आणि त्याला आदराने उत्तर दिले पाहिजे. जगदीशचंद्र बसू यांनी 1923 मध्ये रसारोहणावर ग्रंथ लिहिला आणि झाडाच्या खोडातल्या जिवंत पेशी आकुंचन-प्रसरण पावून रस वर ढकलतात, असे प्रतिपादन केले. विद्युतशलाका खोडात हळूहळू सरकवून त्यांनी अशी स्पंदने नोंदवली होती. हे खरे असते तर झाडाला एक पसरलेले हृदयच असते आणि शीर हा शब्द पूर्णपणे सार्थ ठरला असता. पण पाण्याच्या चढाईचे हे कारण शास्त्राने स्वीकारले नाही, कारण पाणी मेलेल्या नळ्यांतून आणि ओढीने चढते याचे पुरावे साचत गेले. बसूंनी वनस्पतींच्या विद्युत-प्रतिसादांवर केलेल्या कामाचे मोल त्याने कमी होत नाही. वनस्पतीतल्या पेशी एकमेकींना विद्युत-संकेत देतात, हे आज मान्य आहे, आणि ते संकेत शिरांमधूनही जातात. ‘नर्व्हस’ या जुन्या नावाला त्यातून अनपेक्षित आधार मिळतो. याच ओघात कोणी अर्न्स्ट म्युंखचेही नाव घेईल. रसवाहिनीतल्या दाबाच्या प्रवाहाची 1930 ची त्याची उपपत्ती पाहिली तर जलवाहिनीतून वर आलेले थोडे पाणी साखरेबरोबर रसवाहिनीतून खाली जाते आणि पुन्हा जलवाहिनीत येऊ शकते. हे अभिसरण आहे, हे मान्य. पण पानातून उडून जाणाऱ्या पाण्यापुढे ते फार थोडे आहे, आणि त्याला ना हृदय आहे ना ठरलेली दिशा.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: नाव काहीही असो, बिघडते काय? शेतात बिघडते. शीर म्हणजे रक्तवाहिनी अशी कल्पना मनात असली की औषध पानावर पडले म्हणजे इंजेक्शनसारखे अंगभर जाईल, असे वाटते. ‘आंतरप्रवाही’ या डब्यावरच्या शब्दाने तो समज आणखी पक्का होतो. प्रत्यक्षात इमिडाक्लोप्रिडसारखी बरीच आंतरप्रवाही कीटकनाशके मुख्यतः जलवाहिनीतून जातात, म्हणजे जिथे पडली तिथून शेंड्याकडे. शेंड्यावर फवारलेले औषध बुंध्याकडे उतरत नाही, आणि तुडतुडा बसतो तो बुंध्याशी. म्हणून तुडतुड्यासाठी फवाऱ्याचे तोंड पिकाच्या बुंध्याकडे वळवावे, असे कृषी विद्यापीठे सांगत असतात. वरून फवारून मोकळे झालेल्या बांधीत पैसाही जातो, पीकही जाते, वर कोळी आणि इतर मित्रकीटक मरतात ते वेगळेच. उलट ग्लायफोसेटसारखे तणनाशक रसवाहिनीतून प्रवास करते, म्हणून पानावर पडूनही लव्हाळ्याच्या जमिनीखालच्या गाठींपर्यंत पोचते. एकाच शिरेत शिरलेली ही दोन रसायने उलट दिशांना जातात, आणि हे शीर या एका शब्दातून कोणालाही कळणार नाही.

एवढे सगळे असूनही नवा शब्द घडवावा असे मी म्हणत नाही. जलवाहिनी आणि रसवाहिनी हे चांगले, उघड अर्थाचे शब्द मराठीत आहेतच. त्यांचा मिळून जो पुंजका पानावर दिसतो त्याला काहीतरी नाव हवे, आणि शीर हे नाव लोकांच्या तोंडी आहे, अडीच हजार वर्षांच्या जगभरच्या वापराने घासून गुळगुळीत झालेले आहे. बदलायचे आहे ते त्याच्याबरोबर येणारे चित्र. शाळेच्या पुस्तकांत पानाची आकृती असते. तिच्यात मध्यशीर आणि उपशिरा दाखवणाऱ्या रेघा असतात आणि त्या रेघांवर एकच नाव असते. पाठ्यपुस्तक करणाऱ्यांना आणि गोंदिया-भंडाऱ्याच्या शाळांत विज्ञान शिकवणाऱ्यांना विनंती आहे की त्या शिरेत दोन रंगांचे दोन बाण काढा: एक पाण्याचा, मुळाकडून पानाकडे, दुसरा साखरेचा, पानाकडून दाण्याकडे. आणि पावसाळ्यात वर्गातल्या मुलांना एकदा बांधीवर नेऊन कडा करप्याचे एक पान पेल्यातल्या पाण्यात कापून दाखवा. त्याला प्रयोगशाळा लागत नाही.